कार्डिओग्राममधला ‘ब्लॉक’

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास एका जुन्या रुग्णाच्या मुलाचा फोन आला. मी तेव्हा नात्यातल्या एका लग्नघरी होतो. भोवती पंगतीचा गलका चालू होता. “डॉक्टर, आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन ठरलं होतं, पण कार्डिओग्राममध्ये ब्लॉक निघालाय. फिटनेस आणल्याशिवाय घेणार नाही म्हणतात. काय करू?” मी म्हणालो, “तिथल्या फिजिशियनना दाखवा, ते सांगतील तसं करा,” आणि फोन ठेवला. उत्तर चुकीचे नव्हते, परंतु अपुरे होते. आणि ते अपुरेपण मला पुढे बरेच दिवस सलत राहिले.

आजींचे वय ७८. ‘ब्लॉक’ हा शब्द कानी पडताच घरात घबराट पसरली. शेजारच्या एका गृहस्थांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती. त्यांनी सल्ला दिला की, आधी अँजिओग्राफी करून ब्लॉक काढून घ्यावा, हाडाचे मग पाहता येईल. सल्ला मनापासूनचा होता. आजींना मोठ्या शहरात हलवण्यात आले. शनिवार टू-डी एकोची वेळ मिळण्यात गेला, रविवार तसाच गेला, आणि सोमवारी हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले, “यात काळजीचं काही नाही, शस्त्रक्रिया करून घ्या.” ती झाली पाचव्या दिवशी. तोवर अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला होता, आणि रात्री त्या परिचारिकेला आपल्या कैलासवासी बहिणीच्या नावाने हाका मारू लागल्या होत्या. आजी वाचल्या. मात्र पूर्वी रोज पहाटे अंगणात सडा घालणाऱ्या या बाई आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात. हे सारे त्या चार दिवसांमुळेच झाले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. या वयात मोडलेला खुबा एरवीही माणसाला खचवतो. पण खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, असे आज सर्वमान्य आहे, आणि ते उगाच नाही.

मला अधिक बोचते ते वेगळेच. आजींचा नऊ वर्षांपूर्वीचा ईसीजी माझ्याच दवाखान्यातल्या फायलीत होता आणि त्यावर हाच ‘ब्लॉक’ होता. त्या रात्री मी एवढेच म्हणायला हवे होते, “हा जुनाच आहे. तो रक्तवाहिनीतला ब्लॉक नव्हे. सकाळी सातला माझ्या दवाखान्यातून जुनी पट्टी घेऊन जा.” वाचकहो, त्या फोनवर जे सांगायचे राहिले ते या लेखात सांगतो आहे.

‘ब्लॉक’ या एका शब्दाने आपल्या घराघरांत जितका गोंधळ घातला आहे तितका वैद्यकातल्या दुसऱ्या कुठल्याही शब्दाने घातला नसेल. आपण ज्याला ‘ब्लॉकेज’ म्हणतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधला अडथळा. तो अँजिओग्राफीत दिसतो. ईसीजीवर छापलेला ‘बंडल ब्रँच ब्लॉक’ हा विजेच्या वाटेवरचा अडथळा आहे. घरात पाण्याचे नळ वेगळे आणि विजेच्या तारा वेगळ्या असतात, तसेच हृदयातही आहे. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागातून दर ठोक्याला एक सूक्ष्म विद्युत्-संदेश निघतो. मधल्या गाठीपाशी तो क्षणभर थबकतो आणि मग उजव्या व डाव्या अशा दोन फांद्यांतून खालच्या दोन्ही जवनिकांमध्ये पसरतो. उजवी फांदी बंद पडली तर संदेश डाव्या बाजूने वळसा घालून उजवीकडे पोहोचतो. एखाद्या पुलाचे काम चालू असले की एस्टी दुसऱ्या गावावरून फिरून येते, तसेच हे. गाडी थोडी उशिरा येते, पण येते.

हा उशीर किती? ईसीजीच्या कागदावरचा एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. तीन लहान चौकोन किंवा त्याहून रुंद लहर दिसली आणि तिचा आकार विशिष्ट असला की उजव्या फांदीच्या ब्लॉकचे निदान होते. म्हणजे प्रश्न सेकंदाच्या काही शतांश भागांचा आहे. वय वाढते तसा हा ब्लॉक अधिक लोकांत आढळतो, आणि ज्यांना दम लागत नाही, चक्कर येत नाही, छातीत दुखत नाही, अशा माणसांत तो बहुधा निरुपद्रवी असतो. ‘फर्स्ट डिग्री ब्लॉक’ हाही असाच. मधल्या गाठीपाशी संदेश ०.२० सेकंदापेक्षा, म्हणजे एका मोठ्या चौकोनापेक्षा, जास्त रेंगाळतो. पण प्रत्येक संदेश अखेर खाली पोहोचतोच. भूल देताना भूलतज्ज्ञ याची नोंद घेतात, नाडी मंदावलीच तर लागणारे औषध हाताशी ठेवतात आणि पुढे जातात.

आता त्या यंत्राविषयी थोडे. हल्लीची ईसीजी यंत्रे आलेख काढून थांबत नाहीत, वरच्या कोपऱ्यात आपले मतही छापतात. हे मत म्हणजे निदान नव्हे. यंत्राला रुग्ण दिसत नाही. त्याला फक्त रेषा दिसतात आणि शंका आली की ते घाबरट कारकुनासारखे सगळेच लिहून मोकळे होते. ‘नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ हे त्याचे आवडते वाक्य. त्याचा अर्थ इतकाच की, लहरींचा शेवटचा भाग थोडा सपाट किंवा वाकडा आहे आणि त्यावरून कोणताही एक निष्कर्ष निघत नाही. रक्तदाब, मधुमेह, रक्तातले पोटॅशियम कमी होणे, जोरजोरात श्वास घेणे, डिगॉक्सिनची गोळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. जुलाब झालेल्या किंवा लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत मी आधी पोटॅशियम तपासतो. ते कमी निघाले तर भरून काढता येते, आणि पुष्कळदा पट्टीही सुधारते.

‘सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड’ हे दुसरे वाक्य. यंत्राला म्हणायचे असते की, हृदयाच्या मधल्या पडद्याला पूर्वी कधीतरी झटका येऊन गेला असावा, केव्हा ते सांगता येत नाही. (एका चिरंजीवांनी याचा अर्थ ‘वडिलांचे वय यंत्राला ठरवता आले नाही’ असा लावला होता. तो अर्थ खरा असता तर बरेच झाले असते.) हे वाक्य खरे असूही शकते. पण छातीवरच्या सहा चकत्यांपैकी पहिल्या दोन एखाद्या फासळीच्या अंतराने वर लावल्या गेल्या तरी यंत्र हेच छापते. उजव्या आणि डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली तर हृदय उजव्या बाजूला असल्याचा भास होतो. कंपवाताच्या रुग्णाचा हात थरथरत असेल, किंवा खोली गार असून तो कुडकुडत असेल, तर रेष इतकी हलते की ठोके अनियमित वाटू लागतात. म्हणून घाबरण्याआधी एक साधी विनंती करावी, “चकत्या नीट लावून, पांघरूण घालून, पुन्हा एकदा काढता का?” पाच मिनिटांचे काम आहे. कोणी रागावणार नाही, आणि रागावलेच तर रागावू द्यावे.

नाडी मंद असणे, मिनिटाला ६० पेक्षा कमी, हेही यंत्र ठळकपणे छापते. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी मंद असणारच. त्या गोळीचे कामच ते. आयुष्यभर शेतात राबलेल्या किंवा रोज फिरणाऱ्या माणसाची नाडीही ५० ते ५५ असते. इथे एक धोक्याचा इशारा देणे भाग आहे. नाडी मंद छापून आली म्हणून ही गोळी शस्त्रक्रियेआधी घरच्या घरी बंद करू नका. ती एकाएकी तोडली तर हृदय उसळी घेते, आणि ते मंद नाडीपेक्षा पुष्कळ घातक ठरते. मधूनच एखादा जादा ठोका पडणे हेही उतारवयात नेहमीचेच. जागरण आणि चिंता यांनी ते वाढतात, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हे दोन्ही कोणाला नसते?

मग कोणत्या गोष्टींसाठी खरोखर थांबायचे? मी कुटुंबीयांना हे मोकळेपणाने सांगतो, कारण सगळेच किरकोळ आहे असे समजणे हीही तितकीच मोठी चूक आहे. डाव्या फांदीचा ब्लॉक, विशेषतः पूर्वी नसलेला, हा उजव्यासारखा सौम्य मानत नाहीत; त्यामागे हृदयाच्या स्नायूचा किंवा धमन्यांचा आजार आहे का, हे पाहावे लागते. ठोक्यांची लय पूर्ण विस्कळित असणे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, नव्याने आढळले तर नाडीचा वेग आवरावा लागतो आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीच्या ब्लॉकमध्ये काही किंवा सर्व संदेश खाली पोहोचतच नाहीत; तिथे पेसमेकरचा विचार होतो. अलीकडे झटका येऊन गेला असेल तर टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया निदान दोन महिने पुढे ढकलतात. ‘क्यू-टी’ हे अंतर फार लांबलेले असेल तर उलटी थांबवणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनसारखी काही नेहमीची औषधेही जपून वापरावी लागतात. ही यादी पाठ करण्याची गरज नाही. यांपैकी काही असेल तर “थांबायचे का?” हा प्रश्न रास्त आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

थांबावे की नाही हे मात्र एकट्या पट्टीवरून ठरत नाही. शस्त्रक्रियेत हृदयाला कोणाकडून किती धोका, याचा पद्धतशीर हिशेब पहिल्यांदा मांडला तो अमेरिकेतल्या ली गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७७ मध्ये. १००१ रुग्णांच्या अभ्यासातून त्यांनी धोक्याच्या नऊ बाबी काढल्या. त्यांत ईसीजीवरून कळणाऱ्या दोनच होत्या, आणि दोन्ही लयीशी संबंधित. पुढे १९९९ मध्ये ही यादी सुधारून सहा बाबींची करण्यात आली: मोठी शस्त्रक्रिया, धमन्यांचा हृदयविकार, पूर्वी हृदय निकामी होऊन पाणी झालेले असणे, पक्षाघात, इन्सुलिनवरचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा बिघाड. ‘नॉन-स्पेसिफिक चेंजेस’ आणि उजव्या फांदीचा ब्लॉक यांना दोन्ही याद्यांत जागा नाही. मोतीबिंदूपुरते बोलायचे तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिका व कॅनडातल्या १८,००० हून अधिक रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाच्या ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या सरसकट केल्या, दुसऱ्याच्या केल्या नाहीत. दोन्ही गटांत हजार शस्त्रक्रियांमागे सुमारे ३१ जणांना काही ना काही त्रास झाला. तपासण्यांनी काहीही फरक पडला नाही.

याची दुसरी बाजू मला एका काकांनी शिकवली. वय ७१, हर्नियाची शस्त्रक्रिया ठरलेली, आणि ईसीजी जवळजवळ निर्दोष. यंत्राने ‘नॉर्मल’ असे छापले होते आणि काका तो कागद मिरवत आले होते. “फक्त सही करा डॉक्टर,” म्हणाले. मी विचारले, दोन मजले न थांबता चढता का? “चढतो की.” मागे बसलेल्या काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “हल्ली ते देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत. खालूनच हात जोडतात.” काका चिडले, गुडघे दुखतात म्हणून, असे त्यांचे म्हणणे. मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर मानेपर्यंत जाणारा खरखरीत आवाज. एकोमध्ये महाधमनीची झडप चांगलीच अरुंद झालेली निघाली. अशा माणसाला मणक्यातून नेहमीसारखी भूल दिली तर पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब झपकन उतरतो, आणि अरुंद झडपेमागचे हृदय तो भरून काढू शकत नाही. काकांच्या झडपेची व्यवस्था आधी झाली, हर्निया नंतर.

तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या मंडळींना माझे सांगणे असे की, भूलतज्ज्ञांसमोर तुमची साक्ष ईसीजीच्या कागदापेक्षा मोलाची आहे. आई भाजीची पिशवी घेऊन जिना चढते का? वडील बोलता बोलता चालू शकतात की मधे थांबतात? रात्री दोन उशा घेऊन झोपावे लागते का? पायावर सूज येते का? कधी भोवळ येऊन पडले होते का? वृद्ध माणसे या गोष्टी लपवतात. खोटेपणाने नव्हे, आपल्यामुळे मुलांना रजा काढावी लागेल, खर्च वाढेल, या संकोचाने. जे बिछान्यावरच असतात किंवा गुडघ्यांमुळे चालतच नाहीत त्यांच्याबाबत अंदाज बांधणे कठीण जाते. तिथे एको किंवा रक्ताची एखादी जादा तपासणी सांगितली गेली तर ती कटकट समजू नये.

दुसरी गोष्ट जुन्या पट्ट्यांची. नवा बदल आणि जुना बदल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक केवळ जुना कागदच दाखवू शकतो. वयाच्या साठीनंतर एखादा ईसीजी, भले तो निर्दोष असो, घरात जपून ठेवावा. तो बहुधा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतो. काही वर्षांत रेषा पुसट होतात. म्हणून छायाप्रत काढावी किंवा मोबाइलमध्ये फोटो ठेवावा, तारखेसह. लॅमिनेशन मात्र करू नये. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी अतिशय काळजीपूर्वक आपली पट्टी लॅमिनेट करून आणली होती. यंत्राच्या उष्णतेने ती संपूर्ण काळी पडली होती, आणि तरीही त्यांनी ती फायलीत क्रमांक घालून लावली होती.

पेसमेकर असेल तर त्याचे कार्ड बरोबर न्यावे, कारण शस्त्रक्रियेतल्या विजेच्या चाकूचा त्यावर परिणाम होऊ शकतो. गोळ्यांची नावे तोंडी सांगू नयेत, पाकिटेच न्यावीत. कोणती गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती थांबवायची हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे. विशेषतः स्टेंट बसवलेल्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणखी एक, जे बहुधा कोणी सांगत नाही. सगळ्यांना भीती असते ती टेबलावरच्या एक-दोन तासांची. तेव्हा तर नाडी, रक्तदाब, प्राणवायू आणि ईसीजी यांवर सतत कोणीतरी नजर ठेवून असते. हृदयावरचा खरा ताण पुढचे दोन-तीन दिवस असतो, आणि त्या काळात झटका आला तर अनेकदा छातीत दुखतही नाही, कारण वेदनाशामक औषधे चालू असतात. रुग्णाला एकाएकी दम लागला, दरदरून घाम आला, तो असंबद्ध बोलू लागला किंवा कारण नसता गळून गेला, तर ‘ऑपरेशनचा थकवा असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. परिचारिकेला उठवावे. त्या वेळी काढलेला ईसीजी शस्त्रक्रियेपूर्वीच्या पट्टीशेजारी ठेवून पाहिला जातो. आधी काढलेल्या किरकोळ दोषांच्या पट्टीचा सर्वांत मोठा उपयोग तोच.

गेल्या महिन्यात त्या आजींच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. नेत्ररुग्णालयाच्या नियमाप्रमाणे ईसीजी काढला गेला आणि यंत्राने पुन्हा तेच शब्द ठळक अक्षरांत छापले. या खेपेला मुलाने फोन केला नाही. त्याने मोबाइल काढला, बारा वर्षांपूर्वीच्या पट्टीचा फोटो भूलतज्ज्ञांसमोर धरला आणि म्हणाला, “हा जुनाच आहे. आई घरात वॉकर घेऊन फिरते, दम लागत नाही.” डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी पाहिल्या, आजींच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला नंबर दिला. त्याने मला ही हकिकत सांगितली ती शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर, पेढे द्यायला आला तेव्हा.